नऊ सेकंदांचा व्हिडिओ आणि आमची तीस मिनिटं: मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना आणि मालकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक आणि मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. या पत्राखाली माझं नाव नाही, गावाचं नाही, आणि तुमच्यातल्या ज्या वाहिनीशी माझं प्रकरण आहे तिचंही नाही. नाव दिलं की लोक शोधणार, आणि शोधलं की जे झाकलं जावं म्हणून मी हे लिहितोय, तेच पुन्हा वर येणार.

माझ्या पुतण्याचा एक जुना व्हिडिओ काढून टाका, अशी तक्रार मी त्या वाहिनीकडे केली होती. मागच्या महिन्यात तिच्याकडून मला ईमेल आला. दोनच वाक्यं होती. ‘सदर वृत्तांकन व्यापक जनहितार्थ करण्यात आलेले आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा असतो. मला पोच आलीच नाही, उत्तर ४३ व्या दिवशी आलं. उशीर झाला हे मी सोडून दिलं असतं. ‘जनहितार्थ’ हा शब्द मात्र सोडवत नाही. म्हणून हे उघडपणे लिहितोय, आणि सगळ्यांनाच लिहितोय, कारण तो व्हिडिओ काढला त्या दिवशी आमच्या दारात तीन वाहिन्यांचे बूम, म्हणजे माइक, होते.

सात वर्षांपूर्वी, दिवाळी आठ दिवसांवर असताना, माझ्या धाकट्या भावाने आपलं आयुष्य संपवलं. कसं, ते मी लिहिणार नाही. साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडी हळद, सोसायटीचं कर्ज, त्यावर हातउसने. पण एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन महिने त्याला झोप लागत नव्हती, जेवण कमी झालं होतं, बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा. ते दुखणं आहे, त्याला डॉक्टर असतो, औषध असतं, हे आमच्या घरात कुणाला कळलं नाही. मला कळायला हवं होतं. घरात शिकलेला मीच होतो.

त्याचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. अग्नी देऊन आम्ही परत आलो त्याला तास-दीड तास झाला असेल. ओसरीवर बायका बसलेल्या, आई एका कोपऱ्यात. मी अंगणाच्या कडेला तलाठ्यांशी कागदपत्रांचं बोलत होतो. तेवढ्यात पोराला कुणीतरी बाजेवर बसवलं, भिंतीवरचा बापाचा फोटो काढून त्याच्या मांडीवर दिला. प्रश्न विचारला गेला, ‘पप्पा गेले तेव्हा तू कुठं होतास?’ पोरगं म्हणालं, ‘शाळेत. चाचणी होती.’ मागून ट्रॅक्टर गेल्याने आवाज नीट आला नाही, म्हणून तेच त्याला पुन्हा विचारलं. दुसऱ्या वेळी त्याला उत्तर पूर्ण करता आलं नाही, तो रडायला लागला. संध्याकाळी तुमच्या पडद्यावर लागला तो या दुसऱ्या वेळचा तुकडा. नऊ सेकंद. खाली पट्टी होती ‘बळीराजाचा आक्रोश’, आणि मागे सारंगी.

मी दहा पावलांवर होतो. हे सात वर्षं माझ्या मनात आहे, म्हणून तुमच्याआधी स्वतःचं नाव घेतो.

तो व्हिडिओ वाहिनीच्या यूट्यूबवर आजही आहे. मुखचित्रावर पोराचा चेहरा, त्याभोवती लाल गोल. मुलगा आता तालुक्याला दहावीत आहे. या जूनमध्ये वर्गातल्या कुणीतरी तो शोधून काढला आणि मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. त्यानंतर अकरा दिवस तो शाळेत गेला नाही. कारण विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचा. बाराव्या दिवशी रात्री माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘मोठे बाबा, ते काढता येत नाही का?’ मी म्हणालो, येतं, मी लिहितो. त्याच आठवड्यात तक्रार केली. तिचं उत्तर वर दिलंच आहे.

बूम घेऊन आलेला पोरगा कोण होता तेही सांगतो. तो माझाच विद्यार्थी. चौथीत असताना त्याचं अक्षर मी सगळ्या शाळेला दाखवायचो. तालुक्याचा स्ट्रिंगर म्हणून त्याला बातमीमागे पैसे मिळायचे, तेही तीन-तीन महिन्यांनी. गाडीतलं पेट्रोल स्वतःचं, कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. वर्षभराने तो घरी आला, माझ्या पायाशी बसला. म्हणाला, ‘गुरुजी, मी आधी नुसते घराचे आणि शेताचे शॉट पाठवले होते. मुंबईहून डेस्कचा फोन आला की व्हिज्युअल कमी पडतायत, मुलाचा बाईट घे, नाहीतर बातमी पडेल.’ बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेले दोन शब्द. बातमी पडली, म्हणजे दाखवलीच नाही, तर पैसे नाहीत. त्याने बाईट घेतला. पुढे त्याने ते काम सोडलं, आता तालुक्याच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी फोन केला त्यांनाही बहुधा कुणीतरी वरून विचारलं असेल. म्हणून हे पत्र पोरांना नाही, तुम्हाला आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमचं दुःख खरं आहे, पण हा एका घराचा प्रश्न झाला. तसं नाही. काय दाखवायचं आणि काय नाही हे तुम्ही रोज ठरवता, आणि गाव काय बोलेल तेही त्यातूनच ठरतं. माझ्या डोळ्यांदेखत हे झालंय.

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो ग्रामपंचायतीचा. लाकडी पेटीत कुलूपबंद असायचा, आणि अँटेना फिरवायला एक जण माळवदावर चढायचा. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, आमच्यापर्यंत ते पोहोचायला पुढे बारा-तेरा वर्षं गेली. संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. बियाण्याला कोणतं औषध चोळायचं, हळदीवरची करपा ओळखायची कशी, ते सांगणारे कृषी विद्यापीठातले लोक सावकाश बोलायचे, तेच पुन्हा सांगायचे. माझे वडील वहीत लिहून घ्यायला मला बसवत. सातच्या बातम्या वाचणारे आवाज चढवत नसत. त्या काळाची मला भूल पडलेली नाही. सरकारी टीव्ही होता, सरकारला नको ते त्यात येत नव्हतं, आणि म्हणूनच खासगी वाहिन्या आल्या तेव्हा आम्ही मनापासून त्यांचं स्वागत केलं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती तुम्ही घराघरांत पोहोचवली. त्याच उन्हाळ्यात माझ्या या विद्यार्थ्याने आमच्या शेजारच्या तांड्यावरच्या हंड्यांच्या रांगेची दोन मिनिटांची बातमी केली आणि चौथ्या दिवशी तिथं टँकर आला. तुमच्या हातात काय ताकद आहे ते मला माहीत आहे. माहीत नसतं तर हे पत्र लिहिलंच नसतं.

पण मग चर्चा सुरू झाल्या. रोज संध्याकाळी, सहा चौकटी, सहा माणसं, सगळी एकदम बोलणारी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी सातवीच्या मुलांची वादविवाद स्पर्धा घेतली. विषय साधा होता, मोबाइल शाप की वरदान. आमच्या वेळी शिक्षक आधी शिकवायचे की समोरच्याचं म्हणणं काय आहे ते तू नीट मांडून दाखव, मग खोड. पूर्वपक्ष मांडता आला नाही तर गुण कापायचे. मी हे मुलांना सांगितलं. स्पर्धा सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला चारही मुलं एकदम ओरडायला लागली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘थांबा, आपल्याला ब्रेक घ्यायचाय.’ वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ती मुलं चुकत नव्हती. चर्चा म्हणजे काय हे त्यांनी जिथं पाहिलं होतं, तसंच ती करत होती.

हेच ग्रामसभेत आलं. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तर विचारणाऱ्यालाच विचारतात, तू कोणत्या पक्षाचा? टाकी राहते बाजूला. पूर्वी भांडणं होत नव्हती असं नाही, पण ती बांधाची, पाण्याची, मानपानाची असत. ती मिटवता येत. आता दोन भाऊ मुंबईतल्या दोन प्रवक्त्यांच्या वाक्यांनी भांडतात. ते प्रवक्ते चर्चा संपल्यावर एकत्र चहा घेत असतील, हे भाऊ वर्ष-वर्ष बोलत नाहीत.

जून २०२२ आठवा. राज्यातलं सरकार पडायला आलं होतं, ती मोठी बातमी होती, कुणी नाकारणार नाही. पण जवळजवळ आठवडाभर तुमचे कॅमेरे गुवाहाटीतल्या एका हॉटेलच्या फाटकावर होते. गाडी आत गेली, गाडी बाहेर आली. त्याच दिवसांत त्याच आसामात महापूर होता. लाखो लोक घराबाहेर होते, सिलचर शहर पाण्याखाली होतं. त्याच राज्यात उभं राहून मराठी बातमीदारांनी आम्हाला झाडी, डोंगर आणि हॉटेल दाखवलं. इकडे पाऊस लांबलेला, मूग-उडदाची वेळ निघून चाललेली, पेरावं की थांबावं हा आमच्या घराघरातला प्रश्न. पुढच्याच महिन्यात आमच्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं. तुम्ही ती बातमी दिली, मी पाहिली. पण पाणी ओसरल्यावर धान्य भिजलेल्या घरांनी पंधरा दिवस काय खाल्लं, पंचनामे कसे झाले, मदत कुणाला आली आणि कुणाला नाही, हे विचारायला कुणी परत फिरकलं नाही.

२०२४ च्या हंगामाचंही तेच. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता, मोंढ्यात चार हजार-सव्वाचार हजारांनी माल जात होता. हमीभाव खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के, नोव्हेंबरात ती १५ टक्के केली. किती शेतकऱ्यांना हे वेळेवर कळलं? नोंदणी कुठे करायची, माल आणण्याचा मेसेज आला नाही तर कुणाला विचारायचं, बारदाना नाही म्हणून परत पाठवलं तर तक्रार कुठे करायची, या तीन प्रश्नांची उत्तरं पडद्यावर दहा मिनिटं दिली असती तर एकेका गावात लाखो रुपये राहिले असते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तुमच्या सगळ्या संध्याकाळी त्यातच गेल्या. निवडणूक दाखवूच नका असं मी म्हणत नाही. पण ज्या निवडणुकीत सोयाबीनचा भाव हा मुद्दा होता, तिथं तो भाव समजावून सांगणं हीसुद्धा निवडणुकीचीच बातमी होती.

चुकीची किंवा अर्धवट बातमी काय करू शकते हेही आपण पाहिलंय. १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्थानकाबाहेर परराज्यांतल्या मजुरांची हजारोंची गर्दी जमली. गाड्या सुटणार असल्याची बातमी त्या दिवशी एका मराठी वाहिनीवर आली होती. बातमीदाराला अटक झाली. ती अटक मला पटली नाही, आजही पटत नाही. गर्दीमागे भूक होती, घराची ओढ होती, बंद पडलेली कामं होती, आणि रेल्वेचं अंतर्गत पत्र त्या बातमीदाराच्या हातात होतं. पण त्याच संध्याकाळी काही वाहिन्यांनी, कॅमेऱ्यात मागे मशीद दिसते म्हणून, गर्दीला धर्म चिकटवला. भुकेलेल्या माणसांचं काही तासांत कारस्थान झालं. आमच्या गावात वीस वर्षं भाजी विकायला येणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात वेशीवरून परत पाठवलं. त्याला परत पाठवणाऱ्यांमध्ये माझे विद्यार्थी होते. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

टीआरपीचं कारण मला सांगू नका. देशभरात सुमारे ५८ हजार घरांत कोण काय पाहतं ते मोजणारे मीटर आहेत, त्यावर सगळं ठरतं आणि तुमचे हात बांधलेले आहेत, असं तुमच्यातले काही जण सांगतात. ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर होणं बंद होतं. सुमारे दीड वर्ष दर आठवड्याची ती परीक्षा नव्हती. त्या दीड वर्षात एखादी वाहिनी शांतपणे बोलायला लागली, तालुक्याकडे वळली, असं मला दिसलं नाही. लोकांना हेच हवं असतं असंही तुम्ही म्हणता. आमच्या शाळेच्या दारात गोळ्या विकणारा माणूसही तेच म्हणायचा.

आता कायद्याचं बोलतो, कारण मी भीक मागत नाहीये.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. ज्या लहरींवरून तुमचं प्रसारण चालतं त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा, असं त्यात आहे. तो निकाल देणाऱ्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्राचे, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले. लहरी आमच्या आहेत. गायरानावर गुरं चारायला सगळ्यांना मुभा असते, पण गायरान कुणी आपल्या नावावर करून घेत नाही. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे कळतं.

याच तत्त्वावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मोजक्या अपवादांखेरीज प्रत्येक वाहिनीने रोज तीस मिनिटं लोकोपयोगी विषयांना द्यायची आहेत. शेती आणि ग्रामविकास, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, स्त्रिया आणि दुर्बल घटकांचं कल्याण, पर्यावरण असे विषयही त्यात लिहून दिलेले आहेत. मार्च २०२३ पासून हे लागू आहे. तीस मिनिटं तुकड्यातुकड्यांनी दिली तरी चालतात, मध्यरात्री ते सकाळी सहा हा वेळ मात्र धरला जात नाही. मी जुलैत दोन आठवडे वही घेऊन तुमच्यापैकी चार वाहिन्यांसमोर बसलो. मला ती तीस मिनिटं ओळखता आली नाहीत. कुठे सकाळी सव्वासहाला राशिभविष्याआधी पाच मिनिटं, कुठे खतांच्या कंपनीने पैसे देऊन घेतलेली मुलाखत, जी जाहिरात आहे की बातमी हे सांगितलेलंच नाही. तुम्ही ती मिनिटं कागदावर भरत असाल. कोणत्या कार्यक्रमाला तुम्ही ‘लोकोपयोगी’ म्हणून मोजता, ते आम्हाला दाखवा.

दुसरं, आत्महत्येच्या बातमीचं. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे नियम स्वीकारले: बातमी ठळक करू नका, तीच ती परत देऊ नका, पद्धत सांगू नका, भडक मथळे नकोत, फोटो आणि चित्रफिती नकोत. १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्या पडद्यावर चालवतात त्या समांतर खटल्यांबाबत (मीडिया ट्रायल) निकाल दिला, त्यात हे नियम वाहिन्यांनाही लागू राहतील असं सांगितलं. माझा भाऊ गेला तेव्हा हे नव्हतं, मान्य. पण व्हिडिओ आज आहे, आणि नियमही आज आहेत. शिवाय त्या तीन वाहिन्यांनी दिवसभर दाखवलेल्या बातमीत, अशा घराला मिळणाऱ्या एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी कोणती कागदपत्रं लागतात, हे एकदाही आलं नाही. ती फाईल करायला माझ्या भावजयीने सात खेटे घातले. मनाच्या दुखण्यासाठी फोन करून मदत मागता येते, हेही कधी आलं नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. किती जणांना ठाऊक आहे? तुमच्या पडद्याच्या तळाशी पट्ट्यांवर पट्ट्या असतात, त्यात पाच आकडे बसतील.

तुमच्या स्वनियमनाबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या संघटनेची समिती एका वाहिनीला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी भर न्यायालयात विचारलं होतं की एवढ्या दंडाने काय होणार. मला दंडात रस नाही. मी सरकारने तुमच्यावर डोळे वटारावेत असंही म्हणत नाही. ते हत्यार एकदा दिलं की पहिला वार खऱ्या बातमीवर होतो. मला तुमच्याकडूनच हवंय.

मागण्या लिहितो. मोजक्या आहेत.

एक. आत्महत्या, अपघात, पूर, बलात्कार, खून अशा कोणत्याही घटनेत सापडलेल्या घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचे चेहरे आणि बाईट यापुढे दाखवू नका, पालकांनी हो म्हटलं तरी. अशा दिवशी घरातलं कुणीही कशालाही हो म्हणतं.

दोन. जुने व्हिडिओ काढा. प्रत्येक वाहिनीने असा एक पत्ता जाहीर करावा जिथे त्या मुलाने किंवा घरच्यांनी लिहिलं की सात दिवसांत व्हिडिओ निघेल. कारण विचारू नका, पुरावे मागू नका, ‘जनहितार्थ’ लिहू नका. सुरुवात आमच्या व्हिडिओपासून करा. त्या वाहिनीकडे माझी तक्रार आहे, दुवा आहे, फोन नंबर आहे.

तीन. रोजच्या तीस मिनिटांचा हिशेब दर महिन्याला जाहीर करा, कार्यक्रमाचं नाव आणि वेळ यांसह. त्यातली निदान पंधरा मिनिटं संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान ठेवा, जेव्हा शेतातून माणूस घरी आलेला असतो. बाजारभाव, हवामान, योजना, आरोग्य यांवर बोलायला त्या विषयातलाच माणूस बसवा, आणि त्याला वाक्य पूर्ण करू द्या. पैसे घेऊन केलेली मुलाखत असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर ‘जाहिरात’ असं लिहा.

चार. आत्महत्येच्या प्रत्येक बातमीत १४४१६ हा क्रमांक दाखवा आणि वाचून दाखवा. संगीत लावू नका.

पाच. स्ट्रिंगरला महिन्याचं ठरावीक मानधन द्या, विमा द्या, आणि लेखी द्या की एखाद्या दुःखाच्या घरी बाईट घ्यायला त्याने नकार दिला तर त्याची बातमी पडणार नाही. हे तुम्ही केलं असतं तर माझा विद्यार्थी आज पत्रकार असता, आणि चांगला असता. जिल्ह्याची बातमी त्या पोराच्या दुचाकीवर उभी आहे, तुमच्या स्टुडिओतल्या काचेच्या टेबलावर नाही.

सहा. परत या. ज्या गावात तुम्ही पुराच्या, गारपिटीच्या, मृत्यूच्या दिवशी आलात, तिथं तीन महिन्यांनी एकदा या. काय मिळालं, काय नाही, एवढंच विचारा.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या फोनवर असा एखाद्या रडणाऱ्या पोराचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. हळहळ म्हणूनही नको. तो व्हिडिओ त्या पोराच्या वर्गापर्यंत पोहोचतो.

नियमाप्रमाणे वाहिनीच्या उत्तरावर पंधरा दिवसांत वरच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ते मी केलं आहे. त्यासोबत हे पत्र छापील आणि ईमेलने तुम्हा सगळ्यांच्या कार्यालयांना धाडलं आहे. मुलाची दहावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्याआधी तो व्हिडिओ निघालेला मला हवा आहे. रोज रात्री अभ्यास आटोपला की तो फोन उघडून पाहतो आणि मला सांगतो, ‘अजून आहे.’

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जिल्हा हिंगोली